कॉफीच्या शेडीचं गाऱ्हाणं

सूडच होता तो. त्याला दुसरं गोड नाव द्यायची मला गरज वाटत नाही. लोक म्हणतात, घरातली गोष्ट, एवढं काय मनात धरायचं. अहो, घरातली होती म्हणूनच धरली. परक्याने तोंडावर दार आपटलं असतं तर दोन शिव्या हासडून मी विसरून गेले असते.

माझं माहेर दोडामार्गाकडचं आणि सासर डिचोली तालुक्यात, लाटंबार्श्याच्या अंगाला. सासरी दोन भाऊ. थोरले, म्हणजे माझे मोठे दीर, सरकारी कचेरीत नोकरीला होते, आणि घरात, वाड्यावरच्या वस्तीत, देवळात जिथे जातील तिथे टेबलामागे बसल्यासारखेच बोलायचे. धाकटे माझे घरकार, म्हणजे नवरा. त्यांचा खाणीवर ट्रक होता. सासू-सासरे गेल्यावर घर मधोमध वाटलं गेलं, चुली दोन झाल्या, अंगण एकच राहिलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याची मोठी शेड होती, ती मात्र कुणाच्याच वाट्याला लावली नव्हती. तिच्यात ट्रक उभा राहायचा, म्हणून ती आमची असं सगळे धरून चालले होते.

मग खाणी बंद पडल्या. आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी खाणीच्या धुळीने तांबडं होऊन घरात यायचं, जनेल, म्हणजे खिडकी, उघडी ठेवायची सोय नव्हती. आता कपडे पांढरे राहायला लागले. पण थोड्याच दिवसांत नाक्यावरचा पंक्चरवाला गेला, मग चहाची गाडी गेली, मग गॅरेजवाल्याने शटर ओढलं. आमचा ट्रक शेडीत उभा होता, त्याच्या चाकांतून गवत वर आलं होतं. घरकार सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसायचे. कुठे जायचं नव्हतं, तरी शर्ट घालायचे. ते बघून माझा जीव तुटायचा आणि राग पण यायचा, दोन्ही एकदमच.

शेवटी ते बाहेरची भाडी घ्यायला लागले. कर्नाटकात कौलं ने, तिकडून भाजी आण, असं चाललं होतं. एकदा चिकमगळूरकडून परतताना एका मळेवाल्याने भाड्याच्या बदल्यात कच्च्या कॉफीची गोणच त्यांच्या गाडीत टाकली. घरी आणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"ह्या काय हाडलात?" मी विचारलं.

"कॉफी."

"कॉफी अशी? हिरवी? वासाक तर ओल्या गवतासारखी येता."

"भाजूची लागता, म्हणालो तो. तुका भाजूक येताच की."

भाजायला मला येतं, हे खरं. माहेरी काजूच्या दिवसांत आम्ही बिया भाजायचो, कुळीथ भाजायचो, मसाला भाजायचो. पण कॉफी ही वेगळीच बया निघाली. पहिला घाणा मी भाकरीच्या तव्यावर घातला. बाहेरून कोळसा, आतून कच्ची. दुसरा मंद आचेवर केला, तो नुसता सुकला, पाण्यात घातल्यावर चव ना ढव. वाड्यावरच्या बायका कुंपणापाशी येऊन "काय गो, काय करपला?" म्हणून विचारायला लागल्या. तरी मी सोडली नाही. हळूहळू समजलं की ती आधी पिवळी होते, मग तांबूस होते, आणि मग मोहरीसारखी तडतडते. तो तडतडाट सुरू झाला की तिच्यावरून नजर काढायची नाही. उशीर झाला की संपलं. उतरवली की लगेच सुपात घालून पंख्यापुढे पाखडायची, फोलपटं उडून जातात. तसं करून मी पहिली बरी कॉफी काढली तेव्हा घरकारांनी गूळ घालून केलेला पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "गो, ही विकूक होया." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्याकडून लग्नानंतर मोजक्याच वेळा ऐकलं होतं.

विकायची तर तवा पुरणार नव्हता. त्यांनी लोखंडी पिंप आडवं बसवलं, त्यातून दांडा काढला, आणि ते फिरवायला आमच्याच ट्रकच्या वायपरची मोटर खोलून जोडली. बॅटरी पण ट्रकचीच. काच पुसायची मोटर शांतपणे पिंप फिरवत राहायची, खाली गॅसची शेगडी, आत कॉफी. मी हसून लोटपोट झाले होते. ते हसले नाहीत. पण त्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसेनासे झाले. माझ्यासाठी हा धंदा एवढ्याचसाठी होता, हे नीट लक्षात घ्या. पैसे मागून आले, ते पण येत-जात राहिले. पण पायरीवरचा माणूस उठून कामाला लागला होता.

पिंप घरात ठेवता येत नव्हतं, धूर आणि फोलपटं सगळीकडे व्हायची. म्हणून शेडीचा प्रश्न आला. थोरले त्या दिवशी आमच्या बाजूला जेवायला होते. थोरली, म्हणजे माझी जाऊ, माहेरी गेली होती. मी कुळथाची पिठी आणि तळलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी, केलं होतं. थोरले खुशीत होते, भात दोनदा घेतला. घरकारांनी मान खाली घालून विचारलं, "दादा, शेडीत ता पिंप लावू मां?"

"अरे, इचारतस काय? शेड तुमचीच," थोरले म्हणाले. "ट्रक होतो तेवा ट्रक लावलास, आता काय भाजूचा ता भाजा. माका शेडीचा काय करूचा आसा? कायमची तुमका."

कायमची. हा शब्द त्यांचा. मी वाढत होते, डाव माझ्या हातात होता, मी दोन्ही कानांनी ऐकला. कागद केला नाही. जेवणाऱ्या भावाकडून कागद कोण लिहून घेतं?

आता राखणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेला सातवणाच्या झाडाखाली राखणदाराची शिळा आहे. आमच्या जमिनीची, माणसांची राखण तो करतो. वर्षातून एकदा सगळी भावकी जमते, त्याला नारळ आणि रोट ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाला सांगत जातो, आमचं असं असं कर, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" बायका मागे उभ्या राहून हळू म्हणतात. पाळी एक वर्ष थोरल्या घराची, एक वर्ष आमची. पण पाळी कुणाचीही असो, तोंड थोरल्यांचंच. घरकारांनी नारळ धरायचा आणि बोलायचं थोरल्यांनी, असंच चाललं होतं, कारण माझा नवरा चारचौघांत बोलायचं म्हटलं की घामाने भिजतो.

आणि एक गोष्ट. गाऱ्हाणं कुणीही ऐकत नाही. लहानपणापासून इतकं अंगात भिनलेलं असतं की सांगणाऱ्याचा आवाज खाली आला, "म्हाराजा" म्हणून थांबला, की तोंडातून "व्हय म्हाराजा" आपोआप बाहेर पडतं. डोकं कुठेतरी जेवणात असतं, जीभ देवाकडे असते.

शेडीत पिंप बसलं त्याच वर्षीची राखण. पाळी थोरल्यांची. नेहमीचं सगळं झालं, पावसापाण्याचं, पिकाचं, पोराबाळांचं. आणि मग थोरल्यांनी तोच सूर धरून म्हटलं, "बा म्हाराजा, ह्या धाकल्याक जरा बुद्धी दी! बायलेच्या नादान काळ्या बियांच्या मागे लागलो आसा, ताचे डोळे उघड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी भावकी म्हणाली.

माझे घरकार म्हणाले. मी पण म्हणाले! माझ्याच तोंडाने, माझ्याच नवऱ्याला बुद्धी नाही म्हणून, मी देवाला होकार भरला. शब्द बाहेर पडला आणि मग कान जागे झाले. मागे दोघी-तिघी तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. थोरल्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

घरी येताना मी नवऱ्याला धरलं. "तुमी व्हय कित्याक म्हटलात?"

"खंय? मी खंय म्हटलंय?"

"म्हटलात! सगळ्यांत आधी म्हटलात!"

ते वाटेतच थांबले, विचार करून म्हणाले, "काय सांगतस? दादा काय म्हणालो तेवा?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण ते हसणं मी गाठीला बांधून ठेवलं.

मधल्या काळात धंदा चालला. पळाला म्हणत नाही मी, चालला, लंगडत. पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमलला एका शॅकवाल्याने आमची कॉफी घेतली. त्याच्याकडून दुसऱ्याने घेतली. मयेच्या तळ्याकडे पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका बाईने घेतली. डिचोलीच्या बाजारात मी स्वतः पाटी घेऊन बसले. पहिल्यांदा लोक विचारायचे, "ह्यात चिंचोके घालतंस मां?" मी म्हणायचे, "घालतंय, तुज्या तोंडात." मग घ्यायचे. पण भरवसा कसलाच नव्हता. कधी सीझन लवकर संपायचा आणि शॅकवाले झावळ्या उतरवून गायब व्हायचे, कधी तिकडे पाऊस जास्त पडून कच्च्या मालाचा भाव चढायचा. खाणी सुरू होणार, खाणी सुरू होणार, अशी आवई दर वर्षी उठायची आणि घरकार ट्रकच्या टपावर एक हात फिरवून यायचे. पिंप फिरत असलं की ते परत यायचेच.

थोरल्या घरातून रोज काहीतरी यायचं. धुराने दमा होतो. वासाने झोप येत नाही. गिरणीवाल्याने पण आमची कॉफी दळायला नाही म्हटलं, कारण थोरलीने त्याच्याकडे जाऊन सांगितलं की तिच्या तांदळाच्या पिठाला कॉफीचा वास मारतो. त्यावर मी हाताचं जातं आणलं आणि दंड भरून येईपर्यंत दळलं. थोरली अंगणातून जाताना नाक धरायची. ती धरायची म्हणून मी मुद्दाम ती आंघोळ करून केस वाळवायला बसली की घाणा घालायचे. एवढी मी वाईट आहे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग एक दिवस सकाळी, पोदेर पाव देऊन गेला होता आणि मी पावाची पिशवी जनेलाला अडकवत होते, तेव्हा थोरले शेडीपाशी एका परक्या माणसाबरोबर उभे दिसले. तो माणूस पावलांनी शेड मोजत होता. भाड्याने स्कूटर देणारा होता तो, रस्त्याच्या कडेला जागा शोधत आला होता.

तो गेल्यावर थोरले आमच्या पायरीपाशी आले. वर चढले नाहीत. "सीझन सुरू होवच्या आदी शेड मोकळी करा," म्हणाले. "माका होई आसा."

घरकार उभे राहिले. मीच म्हटलं, "भावोजी, शेड तुमी आमका दिलेली."

"मी? कधी?"

"जेवताना. कायमची म्हणालात."

"मी असा कधीच म्हणूक नाय," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, हे मला जास्त लागलं. "कोणासमोर म्हटलंय? आसा काय कोण साक्षीदार? कागद आसा? मगे कित्याक उगाच? थोरल्याची शेड थोरल्याकडे येतली."

मी घरकारांकडे बघितलं. तुम्ही होता, तुम्ही सांगा, तुमच्याच शेजारच्या पानावर बसून म्हणाले! पण त्यांनी मान खाली घातली ती घातलीच. आपला भाऊ आपल्या तोंडावर खोटं बोलतो, ह्याचीच त्यांना लाज वाटत होती. खोटं बोलणारा ताठ आणि ज्याचं गेलं तो वाकलेला. मला त्या दोघांचाही संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून बाहेर आले आणि पायरीवर बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तेव्हा मी ठरवलं. पंचायतीत जाऊन उपयोग नव्हता, तिथे थोरल्यांच्या बरोबरीचे उठणारे-बसणारे होते. वकिलाकडे कागद लागतो. भावकीतल्या एकेकाकडे जाऊन पदर पसरायला मी मेले तरी जाणार नव्हते. मला साक्षीदार पाहिजे होता, आणि थोरल्यांनी खोटं ठरवता येणार नाही असा. शिळा होती ना सातवणाखाली! यंदाची पाळी आमची होती.

घरकारांना सांगितलं तेव्हा ते पांढरे पडले. "मी? गाऱ्हाणा? माका जमाचा नाय गो."

"जमता. पिंपाक सांगा रोज."

खरंच, पिंपाला सांगून त्यांनी पाठ केलं. वायपरची मोटर घरघरत असायची, कॉफी आत खळखळत असायची, आणि माझा नवरा हात जोडून पिंपापुढे "बा राखणदारा म्हाराजा" करत असायचा. मी सुपात पाखडता पाखडता "व्हय म्हाराजा" म्हणायचे. शेडीचं वाक्य आलं की ते अडखळायचे. परत पहिल्यापासून. त्या दिवसांत दोन-तीन घाणे करपले ते त्यामुळेच.

राहता राहिले थोरले. ते गाऱ्हाण्याचं तोंड सोडतील कशाला? त्यांच्यापुढे मी गेले ते पदर नीट घेऊन, हातात गरम कॉफीचा पेला घेऊन. कॉफीला त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, "भावोजी, शेड सीझनाक मोकळी करतो आमी. पण यंदा पाळी आमची, तर एक खेप ह्यांकाच बोलाक दिया. परत कधी बोलतत काय माहीत? तुमी मागसून व्हय म्हणा. तुमच्या आवाजाशिवाय गाऱ्हाण्याक वजन येणा नाय."

फुगले! चक्क फुगले. "बरा, बरा," म्हणाले, "ताका पण शिकाक होया. मी आसंय मागे." मी मान खाली घालून वळले आणि अंगणात येईपर्यंत गालातलं हसू दाबून धरलं. ते शेड मोकळी करतो म्हणालेलं वाक्य म्हणजे खोटंच होतं माझं. पण खोट्याला खोटं दिलं, त्यात काय बिघडलं?

राखणीच्या दिवशी ऊन वर आलं होतं. भावकीतली घरं सगळी आली, पुरुष पुढे, बायका मागे. शिळा धुतली, फुलं घातली, रोट ठेवला. घरकारांनी नारळ हातात घेतला. त्यांची पाठ मला दिसत होती, शर्ट पाठीला चिकटला होता. थोरले त्यांच्या उजव्या हाताला, छाती काढून उभे.

"बा राखणदारा म्हाराजा," घरकार म्हणाले. आवाज कापरा होता, पण निघाला. "ह्या भाटाच्या, ह्या वाटेच्या मालका, आज तुज्या लेकरांनी तुका नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

थोरल्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वजन द्यायला आले होते ना.

"आमच्या गुरावासरांक, पोराबाळांक सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पिकाक, पाण्याक, येणाऱ्या-जाणाऱ्याक राख म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता शेड. घरकारांनी तोंड उघडलं. "आणि म्हाराजा... ही जी... रस्त्यावरची..." आणि गप्प. नारळ त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. लोक वाट बघत होते. मला समजलं, हा माणूस आता रडेल नाहीतर पळेल, आणि दोन्ही झालं तरी शेड गेली, आणि शेड गेली की हा परत पायरीवर बसणार, कायमचा.

बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं. आमच्याकडे कुणी घातलेलं मी ऐकलेलं नाही. मी पुढे सरकले नाही, जागेवरूनच, त्यांचा सूर तुटला होता तो तसाच उचलला. माझा आवाज मुळात जाड आहे, बाजारात बसून अजून जाड झालेला.

"ही जी रस्त्यावरची शेड, म्हाराजा, ती थोरल्यान आपल्या तोंडान, जेवच्या पानार बसून, धाकल्याक कायमची दिली, ती तुज्या साक्षीन धाकल्याचीच ऱ्हवांदी! आणि ह्यो शबुद जो कोण फिरवीत, ताका तूच बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. आणि सगळ्यांच्या वर, छातीतून, घंटेसारखा, थोरल्यांचा आवाज.

थोडा वेळ लागला. एकेकाचे कान जागे होताना दिसत होते. कुणीतरी मागे बघितलं, माझ्याकडे. कुणीतरी थोरल्यांकडे बघितलं. थोरल्यांचं तोंड अजून "म्हाराजा"च्या आकारात उघडं होतं. त्यांचा रंग बदलत गेला. त्यांनी घरकारांकडे बघितलं, मग शिळेकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ओरडणार, हे खोटं आहे म्हणणार. काय म्हणणार? आत्ताच सगळ्या भावकीपुढे, राखणदाराच्या पायाशी, स्वतःच्या जिभेने होकार देऊन बसले होते. जो कोण फिरवील त्याला बघून घे, ह्याला पण होकार त्यांचाच. ज्या शिळेपुढे त्यांनी इतकी वर्षं उभ्या वाड्याकडून होकार घेतला, तिच्यापुढे ते नाही म्हणूच शकत नव्हते.

घरकारांनी नारळ ठेवला.

भावकीतल्या एका म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मगे, शेडीचा ठरला तर." बस, तेवढंच. मी सगळ्यांना कॉफी दिली. थोरल्यांना मीच नेऊन दिली, सगळ्यांसमोर, नाही म्हणता येऊ नये म्हणून. बिनगुळाची. घोट घेऊन त्यांचं तोंड वाकडं झालं.

"गूळ घालूक नाय?"

"विसारलंय, भावोजी."

विसरले नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी ठेवली होती, काळीकुट्ट भाजून.

स्कूटरवाल्याला दुसरीकडे जागा मिळाली. थोरली वर्षभर सांगत फिरली की बाईने गाऱ्हाणं घातलं, आता राखणदार कोपणार. पावसात फणसाची एक फांदी शेडीवर पडून पत्रा वाकला तेव्हा ती अंगणात येऊन "बघलंस?" म्हणाली. मी म्हटलं, "बघलंय. पिंपाक काय लागूक नाय, ता पण बघलंय." घरकारांनी पत्रा ठोकून सरळ केला आणि त्याच दिवशी घाणा घातला. ट्रक पुढे विकला. वायपरची मोटर तेवढी पिंपालाच ठेवली.

ह्यावर सगळं मिटलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. माझं समाधान ह्यात नव्हतंच. शेड आमची होती, ती आमच्याकडे राहिली, त्यात त्यांचं काय गेलं? गेलं ते पुढच्या वर्षी, आणि ते मी ठरवलेलं पण नव्हतं.

पुढच्या वर्षीची पाळी थोरल्यांची. नारळ घेऊन पुढे उभे राहिले, कचेरीतला तोच आवाज, तोच सूर. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरांची सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

आणि "व्हय म्हाराजा" आलंच नाही. म्हणजे आलं, पण थांबून आलं. लोक ऐकत होते! पहिल्यांदाच, आमच्या आठवणीत पहिल्यांदाच, भावकी गाऱ्हाणं कान देऊन ऐकत होती. हा माणूस काय म्हणाला, ह्यात काही घातलं तर नाही ना, हे बघत होती. मग एकाने म्हटलं, मग दुसऱ्याने, तुटक तुटक. थोरल्यांच्या पाठीवरून ते मला कळलं. पुढचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. त्याच्यामागे पण तेच, आधी गप्प, मग एक, मग दोघे. ज्या माणसाचं बोलणं उभ्या वाड्याने न ऐकता डोक्यावर घेतलं, त्याचं एकेक वाक्य आता लोक तपासून घेत होते.

तेव्हापासून तसंच आहे. दर पाळीला तसंच. थोरले आता म्हातारे झालेत, आवाज बसलाय, तरी तोंड सोडत नाहीत. आणि सगळ्यांचं म्हणून झालं तरी ते पुढचं वाक्य सुरू करत नाहीत. थांबतात. कारण मागे बायकांच्या रांगेत मी असते आणि माझं म्हणून झालेलं नसतं. ते मान वळवत नाहीत, पण कान मागे लागलेला असतो. ऊन लागत असतं, नारळ हातात जड होत असतो. मी पदर सावरते, झाडाकडे बघते, त्यांना उभं ठेवते. मग सावकाश म्हणते, "व्हय म्हाराजा."